आठ दिवसांची शिदोरी

राकेश शर्मा यांनी इंदिरा गांधींना अंतराळातून काय उत्तर दिले, हे त्या काळात शाळेत असलेल्या कोणालाही मध्यरात्री उठवून विचारले तरी सांगता येईल. त्यांनी बरोबर खायला काय नेले होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ यानातून ते निघाले, तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्याबरोबर रव्याचा शिरा, आलू-छोले आणि भाज्या घातलेला पुलाव बांधून दिला होता. प्रवास सात दिवस, एकवीस तास आणि चाळीस मिनिटांचा. सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर आधीपासूनच तिघांचे बिऱ्हाड होते. शर्मा आणि त्यांचे दोन सोबती धरून घरात सहा माणसे झाली आणि शिरा सगळ्यांनी वाटून खाल्ला.

आता जरा रुक्षपणे विचार करू. पस्तीस वर्षांचा, धडधाकट, लढाऊ विमाने चालवणारा माणूस. त्याला आठ दिवस रशियन डबाबंद जेवण दिले असते, तर काय बिघडणार होते? जीवनसत्त्वे कमी पडून आठ दिवसांत कोणी आजारी पडत नाही. फार तर दोन किलो वजन उतरेल, ते घरी आल्यावर भरून निघेल. मग एका सरकारी प्रयोगशाळेने शिऱ्यासाठी एवढा खटाटोप का केला? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला आणि जाईना. म्हणून गेले काही महिने अंतराळातल्या स्वयंपाकघराविषयी जे हाती लागेल ते वाचत गेलो.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. सहा महिने अंतराळात राहायचे तर आहारतज्ज्ञापुढे शरीराचा प्रश्न असतो. हाडांतले कॅल्शियम, स्नायू, ड जीवनसत्त्व, त्याच त्या जेवणाचा कंटाळा, अशी मोठी यादी असते. आठ-पंधरा दिवसांच्या मोहिमेत मात्र प्रश्न एवढाच उरतो, की दिलेले अन्न हा माणूस खाणार आहे का? वरवर पोरकट वाटणाऱ्या या प्रश्नाने नासाच्या लोकांना पुष्कळ वर्षे छळले. चंद्रावर जाऊन आलेल्या अपोलो यानांतल्या मंडळींनी गरजेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच अन्न पोटात घातले होते. बाकीची पाकिटे न उघडताच राहिली. आणि एवढा खर्च करून वर पाठवलेला माणूस अर्धपोटी, चिडचिडा आणि थकलेला असेल, तर त्याचा हात चुकीच्या बटणावर पडायला वेळ लागत नाही. डबा तसाच परत आला की घरातल्या बाईला जे वाटते, तेच ह्यूस्टनच्या आहारतज्ज्ञांना वाटत असणार. फक्त त्यांची काळजी वैमानिकाच्या हाताशी येऊन थांबते.

माणूस खात का नाही, याची कारणे शरीरात आहेत. पृथ्वीवर रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. वर ती ओढ जाणवत नाही, तेव्हा हे सगळे छाती-डोक्याकडे सरकते. चेहरा सुजतो, नाक चोंदते. सर्दी झाल्यावर आमटीची चव लागत नाही, तशी गत होते. त्यात तिथे गरम वाफ वर चढत नाही, कारण वर आणि खाली या गोष्टीच नाहीत. ताटावरचा वास नाकाशी यायचा तो येत नाही. शिवाय पदार्थ पाकिटात बंद. पाकिटाच्या तोंडातून चमचा घालून खायचे, म्हणजे दिसणेही बेताचेच. या सगळ्यावर कडी म्हणजे मळमळ. पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना पहिले दोन-तीन दिवस अंतराळाची बोट लागते. गेरमान तितोव्ह हा सोव्हिएत अंतराळवीर ऑगस्ट १९६१ मध्ये पंचवीस तास वर होता. अंतराळात व्यवस्थित जेवण घेणारा तो पहिला माणूस, आणि तिथे आजारी पडणाराही तोच पहिला. सहा महिन्यांच्या मुक्कामात मळमळीचे तीन दिवस म्हणजे काहीच नाहीत. आठ दिवसांच्या मोहिमेत ते मोहिमेचा तिसरा हिस्सा खाऊन टाकतात.

सुरुवातीच्या काळात डॉक्टरांना वेगळीच धास्ती होती. वजनरहित अवस्थेत घास गिळता येईल का, घशात अडकणार तर नाही, अशी ती शंका. म्हणून युरी गागारीन आणि पुढे जॉन ग्लेन यांना टूथपेस्टसारख्या नळ्या दिल्या. ग्लेनने फेब्रुवारी १९६२ मध्ये सफरचंदाचा गर नळीतून पिळून खाल्ला आणि गिळता येते हे सिद्ध झाले. एवढ्याने अभियंत्यांचे समाधान झाले. खाणाऱ्याचे कसे होणार? पुढे जेमिनी यानांत एका घासाएवढे ठोकळे आले, चुरा उडू नये म्हणून वर जिलेटिनचा लेप दिलेले. कागदावर त्यांत सगळे होते. प्रथिने, चरबी, साखर, अगदी मोजून.

या कागदी जेवणाला माणसाने कसे उत्तर दिले, त्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. २३ मार्च १९६५ रोजी जेमिनी-३ हे यान जेमतेम पाच तासांसाठी वर गेले. त्यात गस ग्रिसम आणि जॉन यंग होते. नव्या ठोकळ्यांची चाचणी घेणे हे त्यांच्या कामांपैकी एक. मध्येच यंगने पोशाखाच्या खिशातून कॉर्न्ड बीफचे सँडविच काढून ग्रिसमपुढे धरले. वॉली शिरा या मित्राने ते कोको बीचच्या एका उपाहारगृहातून आणून गुपचूप दिले होते. ग्रिसमने घास घेतला, पाव सुटायला लागला, चुरा तरंगू लागला, तेव्हा त्याने ते घाईघाईने खिशात कोंबले. गंमत एवढ्यावर संपली नाही. अमेरिकन संसदेच्या समितीत त्यावर प्रश्न विचारले गेले, आणि असे पुन्हा होणार नाही अशी हमी नासाला द्यावी लागली. समितीच्या सभासदांचे चुकले असे म्हणवत नाही. पावाचा कण एखाद्या यंत्राच्या फटीत किंवा माणसाच्या श्वासनलिकेत गेला तर काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण पाच तासांच्या प्रवासात कोणाला अशी भूक लागते, की त्याने नोकरी पणाला लावून सँडविच लपवून न्यावे? यंगला भूक लागलेलीच नव्हती. त्याला ठोकळे नको होते.

हे ज्यांना लवकर कळले त्यांत रीटा रॅप यांचे नाव घ्यायला हवे. शरीरशास्त्र शिकलेल्या या बाई १९६६ साली अपोलोच्या अन्नविभागात आल्या. कोणाला काय आवडते याची त्या विचारपूस करीत आणि प्रत्येक अंतराळवीराची यादी वेगळी बनवीत. साखरेची घरगुती बिस्किटे त्यांनी अंतराळात पाठवली. स्कायलॅबवर ती इतकी लोकप्रिय झाली, की देवाणघेवाणीत नाण्यासारखी चालत. अपोलोमध्ये गरम पाण्याची सोय झाली, नळ्या मागे पडल्या. १९६८ च्या नाताळात चंद्राला प्रदक्षिणा घालून परतणाऱ्या अपोलो-८ मध्ये तिघांच्या पुढ्यात रस्सा घातलेली टर्की आली, तीही चमच्याने खाता येईल अशी. घट्टसर रस्सा चमच्याला आणि पाकिटाला धरून राहतो, उडत नाही, हे तेव्हा पटले. सोबत ब्रँडीच्या तीन चिमुकल्या बाटल्याही होत्या. कप्तान फ्रँक बोर्मनने त्या उघडू दिल्या नाहीत. शिस्तीचा माणूस!

मला स्वतःला सगळ्यांत रंजक वाटला तो स्पेस शटलचा काळ. १९८१ ते २०११ अशी तीस वर्षे ही याने उडाली, आणि बहुतेक मोहिमा आठवडा ते पंधरवड्याच्या. लहान मोहिमेची शिदोरी बांधण्याचे शास्त्र तिथेच मुरले. उड्डाणाच्या आठ-नऊ महिने आधी अंतराळवीरांना ह्यूस्टनला चव घ्यायला बोलावत. समोर पदार्थांच्या वाट्या मांडलेल्या. प्रत्येकाने एक ते नऊ यांपैकी गुण द्यायचे. अजिबात न आवडल्यास एक, फारच आवडल्यास नऊ. मग ज्याची त्याची यादी तयार होई. ती आहारतज्ज्ञाकडे जाई आणि तो हिशेबाला बसे. तिशी ते साठीच्या पुरुषासाठी सूत्र असे: किलोतले वजन गुणिले ११.६, अधिक ८७९, आणि येणाऱ्या बेरजेला १.७ ने गुणायचे. सत्तर किलोच्या माणसाला सुमारे २,८७५ कॅलरी येतात. बायकांचे सूत्र वेगळे, आकडे थोडे कमी. आयुष्य बँकेत गेल्यामुळे असा हिशेब दिसला की मला तो करून बघितल्याशिवाय राहवत नाही. या बाबतीत मला जमा-खर्चाची दुसरी बाजू जास्त आवडली, ती वजनाची. एका माणसाला एका दिवसाला सुमारे १.७ किलो अन्न मंजूर, आणि त्यात जवळजवळ ४५० ग्रॅम नुसते वेष्टन. सात जण, चौदा दिवस म्हणजे जवळपास १७० किलो. शिवाय हवामान बिघडून उतरणे लांबले तर दोन दिवसांचे जास्तीचे.

पाण्याचे वजन यात धरलेले नाही, आणि त्यातच शटलची युक्ती आहे. त्या यानात वीज तयार होई ती हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून, आणि हे दोन वायू एकत्र आले की पाणी आपोआप मिळते. म्हणजे पाणी वर फुकट मिळायचे. मग ते खालून अन्नात भरून कशाला न्या? म्हणून शटलमधले बरेचसे पदार्थ वाळवलेले असत. आपल्या गच्चीवरच्या वाळवणासारखे नव्हे. पदार्थ आधी गोठवायचा, मग निर्वात पोकळीत ठेवायचा. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो आणि मागे राहते ती सच्छिद्र जाळी. गरम पाणी पडले की ती काही मिनिटांत पुन्हा भरते. आंतरराष्ट्रीय स्थानक सौरपंख्यांवर चालते, तिथे हे फुकटचे पाणी नाही, त्यामुळे हा हिशेब तिथे बसत नाही.

यादी पक्की झाली, पाकिटे भरली, की प्रत्येकावर रंगीत ठिपका चिकटवत. प्रत्येक माणसाचा एक रंग, म्हणजे तुझे-माझे व्हायला नको. उड्डाणाच्या काही आठवडे आधी खण फ्लोरिडाला रवाना होत आणि शीतगृहात ठेवले जात. ताजी फळे, गाजरे आणि टॉर्टिया यांचा खण मात्र अगदी शेवटी, उड्डाणाला चोवीस तास उरले की भरायचा. निघतानाच्या गडबडीत पोळ्यांचा डबा शेवटी पिशवीत जातो तसाच. वर गेल्यावर चौघांचे जेवण मांडायला पाच मिनिटे पुरत, पाणी घालून गरम करायला आणखी वीस-तीस. ताट मांडीला नाही तर भिंतीला अडकवायचे. सुरी, काटा, चमचा आणि चौथे हत्यार कात्री, पाकीट कापायला.

मीठ शिंपडायचे म्हटले तर कण डोळ्यांत जाणार. म्हणून मीठ पाण्यात विरघळवलेले आणि मिरपूड तेलात घोळवलेली. चोंदलेल्या नाकावर उतारा म्हणून झणझणीत सॉसला मोठी मागणी असे. कोळंबीचे कॉकटेल वर्षानुवर्षे पहिल्या पसंतीचे राहिले, त्याचे कारण कोळंबी नव्हे. त्याच्या सॉसमध्ये हॉर्सरॅडिश नावाचे मूळ असते, आपल्या मोहरीसारखे थेट नाकात जाणारे. स्टोरी मसग्रेव्ह हे सहा वेळा अंतराळात गेलेले गृहस्थ ते न्याहारीलासुद्धा खात, असे सांगतात. फेसाळ पेये मात्र तिथे जमली नाहीत. १९८५ च्या उन्हाळ्यात कोक आणि पेप्सी या दोघांनीही खास डबे करून शटलमधून पाठवले. यानात फ्रीज नाही, त्यामुळे पेय कोमट. पोटात बुडबुडे वर आणि पाणी खाली अशी वाटणी होत नसल्याने ढेकर आला की नुसता वायू येत नाही, ओला ढेकर येतो. पुढचे वर्णन रविवारच्या सकाळी नको.

पावाच्या चुऱ्याचा प्रश्न कसा सुटला, हे वाचून आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला हसू येईल. नोव्हेंबर १९८५ मध्ये रोदोल्फो नेरी व्हेला हा मेक्सिकोचा पहिला अंतराळवीर शटलमधून गेला आणि त्याने टॉर्टिया मागितल्या. टॉर्टिया म्हणजे मेक्सिकोची पोळीच. ती चुरत नाही, कशाभोवतीही गुंडाळता येते आणि एका हाताने खाता येते. सोबत्यांना ती इतकी आवडली, की पुढे शटलवर पावाची जागाच तिने घेतली. जेमिनीच्या सँडविचनंतर वीस वर्षे ठोकळ्यांना लेप देण्यात गेली होती, आणि उत्तर एका माणसाने आपल्या घरच्या सवयीतून सहज दिले. मग तिला बुरशी येऊ नये म्हणून प्राणवायू शोषून घेणारी पुडी घालून ती हवाबंद करण्याचे तंत्र निघाले. म्हैसूरच्या आपल्या प्रयोगशाळेनेही सैनिकांसाठी महिनोन्‌महिने टिकणारी चपाती केलेली आहे, हे इथे नोंदवायला हवे.

चवीचे एवढे बोलतो आहे. पण या धंद्यात जिवाची भीती चवीच्या आधी येते. यानात कोणाला अन्नविषबाधा झाली तर? तीन माणसांच्या कोंदट यानात, दवाखान्यापासून शेकडो किलोमीटरवर! १९६० च्या दशकाच्या आरंभी नासाने पिल्सबरी या अन्नकंपनीला अन्न पुरवायला सांगितले, तेव्हा हॉवर्ड बाउमन यांच्यापुढे पेच उभा राहिला. तयार माल पूर्ण निर्धोक आहे अशी खात्री हवी तर त्यातला बहुतेक सगळा तपासणीतच संपणार, अंतराळवीरासाठी उरणार काय? म्हणून त्यांनी दिशा बदलली. शेवटी तपासण्याऐवजी कच्च्या मालापासून वेष्टनापर्यंत कुठे कुठे धोका शिरू शकतो त्या जागा हेरायच्या आणि तिथेच पहारा बसवायचा. बँकेत वर्षअखेरीच्या तपासणीत घोटाळा सापडतो तेव्हा पैसे गेलेले असतात. रोजच्या रोज दुसऱ्या माणसाची सही घेण्याची पद्धत त्यासाठीच असते. बाउमन यांची ही पद्धत पुढे जगभर पसरली, आणि आज आपल्याकडच्या दूधसंघांपासून निर्यात होणाऱ्या कोळंबीपर्यंत सगळीकडे तिचा दाखला लागतो.

सुरक्षितता आणि आवड यांची कुस्ती कशी लागते, याचे चांगले उदाहरण कोरियाच्या किमचीचे आहे. यी सो-यॉन ही कोरियाची पहिली अंतराळवीर ८ एप्रिल २००८ रोजी निघाली, सगळा प्रवास अकरा दिवसांचा. किमचीशिवाय कोरियन माणूस जेवत नाही. पण किमची म्हणजे आंबवलेली भाजी, सूक्ष्म जिवांनी भरलेली. ती आतल्या आत फसफसत राहिली तर पाकीट फुटायचे, आणि अंतराळातल्या किरणांनी त्या जिवांत काय बदल होतील, ही वेगळी धास्ती. कोरियाच्या शास्त्रज्ञांनी त्यावर काही वर्षे काम केले. किरणोत्साराने जंतू मारायचे. पण भाजीचा करकरीतपणा, रंग आणि आंबटपणा जाऊ द्यायचा नाही, आणि शेजारी बसलेल्या परदेशी सोबत्यांसाठी वास थोडा कमी करायचा. अकरा दिवसांसाठी! एखाद्या हिशेबनीसाला हा उधळेपणा वाटेल. मला वाटत नाही. फिरतीवर दहा-बारा दिवस परक्या गावच्या खाणावळीत काढलेल्या माणसाला चौथ्या दिवशी घरच्या आमटीची जी आठवण येते, ती पोटातून येत नाही.

कोलंबिया यानाच्या २००३ च्या मोहिमेचे तर वाचतानाच थबकायला होते. १६ जानेवारीला निघालेल्या सात जणांत आपली कल्पना चावला होती. ती शाकाहारी, तेव्हा तिच्या पाकिटांत मांस येता कामा नये. त्याच यानात इलान रॅमॉन हा इस्राएलचा पहिला अंतराळवीर होता. तो स्वतः फारसा धार्मिक नव्हता. पण आपण एका समाजाच्या वतीने जातो आहोत या भावनेने त्याने धर्मनियमांत बसणारे कोशेर अन्न मागितले आणि ते मिळवून दिले गेले. सोळा दिवसांच्या मोहिमेत दोन माणसांची दोन पथ्ये पाळायला किती कामे वाढली असतील! प्रत्येक पदार्थाच्या घटकांची छाननी, वेगळी यादी, वेगळा हिशेब. १ फेब्रुवारीला उतरायला सोळा मिनिटे उरली असताना काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ह्यूस्टनच्या त्या स्वयंपाकघरातली माणसे त्या दिवशी काय करीत असतील, हे माझ्या मनात पुनःपुन्हा येते. कोणाला काय आवडते, कोण काय टाकते, हे तिथे सात जणांच्या बाबतीत कोणाला तरी तोंडपाठ असणार.

आता पुन्हा म्हैसूरकडे. १९६१ साली सुरू झालेली ही प्रयोगशाळा मुळात सैनिकांसाठी आहे. बर्फात, वाळवंटात, पाणबुडीत जिथे चूल पेटवता येत नाही तिथे खाता येईल असे अन्न करणे हे तिचे काम. शिजवलेला पदार्थ बहुपदरी पाकिटात बंद करून दाबाखाली पुन्हा तापवायचा, म्हणजे तो फ्रीजशिवाय वर्षभर टिकतो. हे तंत्र तिथे भारतीय पदार्थांसाठी बसवले गेले आणि पुढे खासगी कंपन्यांनाही दिले गेले. पुण्या-मुंबईची मुले अमेरिकेला शिकायला निघतात, तेव्हा त्यांच्या बॅगेत आई जी पालक-पनीरची आणि पुलावाची पाकिटे कोंबते, ती याच तंत्राची. राकेश शर्मांचा पुलाव आणि या मुलांची पाकिटे यांचे गोत्र एकच आहे.

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी एक्सिऑम-४ मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांच्या सामानात गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस होता. चौदा दिवसांचा बेत होता, स्थानकावरचा मुक्काम अठरा दिवसांचा झाला. तिथून पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी सांगितले, की हे पदार्थ सोबत्यांना वाढले आणि सगळ्यांनी मिळून खाल्ले. पोलंडच्या सोबत्याने त्याच्या देशातले पिरोगी नेले होते, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा. एक्केचाळीस वर्षांनी यान बदलले, देश बदलले, रशियनांच्या जागी अमेरिकन यान आले, आणि पाहुण्याने डब्यातून न्यायचे ते गोडच राहिले. आमरसाने मात्र मी मनापासून सुखावलो. जूनअखेरीस, आपल्याकडे हापूस संपलेला असताना, एका भारतीयाने अंतराळात आमरस खाल्ला!

गगनयान मोहिमेचा इस्रोने जाहीर केलेला आराखडा तीन माणसांचा, तीन दिवसांचा आणि चारशे किलोमीटर उंचीचा आहे. त्यासाठी म्हैसूरने २०२० साली जे पदार्थ पुढे ठेवले त्यांत इडली, भाज्यांचे आणि अंड्याचे रोल, पुलाव आणि मूग डाळीचा हलवा होता. अन्न गरम करायचे उपकरणही केले. यादी चांगली आहे. पण मघाशी सांगितलेला मळमळीचा हिशेब आठवा. पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात, आणि इथे मोहीमच तीन दिवसांची. म्हणजे सुखाने जेवण्याचा दिवस उजाडायच्या आत परतीची तयारी. मला वाटते पहिल्या दिवशी इडली जाईल, कारण ती आंबवलेली असली तरी वाफवलेली, हलकी आणि न चुरणारी. पुलाव दुसऱ्या दिवशी, अर्धा. हलवा बहुधा तिसऱ्या दिवशीच उघडेल.

ही यादी मी घरात वाचून दाखवली, तेव्हा सौभाग्यवतींनी एकच विचारले, "आणि लिंबाचं लोणचं? मळमळतंय म्हणता ना?" मी निमूटपणे आजवर वाचलेले सगळे नियम त्या लोणच्याला लावून बघितले. मीठ भरपूर, आंबट, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. फ्रीज लागत नाही. मुरलेला खार दाट असतो, चमच्याला चिकटून राहील, तरंगणार नाही. चुरा नाही. फोडी बारीक कराव्या लागतील आणि बिया काढाव्या लागतील. चोंदलेल्या नाकालाही कळेल एवढी चव आहे. सोडियम तेवढे जास्त भरते, त्याने हाडांतले कॅल्शियम जाते म्हणून आहारतज्ज्ञ कुरकुर करतील. पण तीन दिवसांच्या मोहिमेत तेही कोणी फारसे मनावर घेणार नाही.